राहून गेलेला फ्यूज

"हात माघारी घे," आई म्हणाली.

मी घेतला. एकतीस वर्षांचा बाप्या माणूस, विट्यात कराड रस्त्याला स्वतःचं गॅरेज, गाडीच्या वायरिंगसाठी शेजारच्या तालुक्यांतून लोक शोधत येणार, आणि आईच्या एका वाक्यासरशी मी शाळकरी पोरासारखा हात मागं घेतला.

समोर धुतलेल्या पोत्यावर माझी सगळी हत्यारं मांडलेली होती. पकडी, पाने, स्क्रू-ड्रायव्हर, टेस्टर, वडिलांच्या वेळचा कटर. प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट आणि झेंडूचं एकेक फूल. खंडेनवमी होती. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं पूजेला बसतात, आणि एकदा बसली की दसऱ्याला उचलेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही.

"आई, एक पक्कड दे फक्त. धा मिनटाचं काम हाय. परत जागंवर ठेवतो. देवाला कळायचं बी न्हाई."

"देवाला न कळायला त्यो काय गिऱ्हाईक हाय व्हय तुझं?"

"अगं पण गाडी जायची हाय."

"वर्सातनं एक दिस बसत्यात हत्यारं. तुझ्या बानं मरायच्या वर्सापतुर ह्या दिशी हात लावला न्हाई. उद्या शिलंगणाला उचल आन काय करायचं ते कर."

एवढं बोलून ती उदबत्ती शोधायला आत गेली. मी दारात उभा राहून गल्लीत नजर टाकली. समोरच्या वेल्डरचं दुकान हार घालून बंद होतं. शेजारच्या शिंप्याची कात्रीसुद्धा मशीनवर फूल लेवून बसली होती. त्या दिवशी अख्ख्या गल्लीत वायर कापायला एक पातं मोकळं नव्हतं.

ते दहा मिनिटांचं काम कसलं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

डॉक्टर मोकाशीबाईंची एक जुनी मिनीबस होती. बाई डोळ्यांच्या डॉक्टर. घाटावरच्या वाड्यावस्त्यांत जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांचे डोळे तपासायचे, मोतीबिंदू सापडला की माणसाला विट्याला आणून ऑपरेशन करायचं, असं त्यांच्या संस्थेचं काम. बसमधली बाकडी काढून तिथं तपासणीचं मशीन, औषधाच्या थेंबांसाठी छोटा फ्रीज, दोन पंखे, दिवे, टपावर भोंगा, इन्व्हर्टर, असा संसार मांडलेला. आणि ह्या सगळ्याची वीज कुणीतरी गाडीच्या मूळ फ्यूजमधून जमेल तशी ओढून घेतलेली. फ्रीज चालू झाला की दिवे जायचे, भोंगा वाजला की मशीन बंद पडायचं. एका वाडीत तर डोळ्यात थेंब घातलेल्या नऊ म्हाताऱ्या अंधारात बसून राहिल्या होत्या.

मी गाडी बघितली आणि बाईंना म्हणालो, "हे जोडत बसण्यात अर्थ नाही. ह्या सगळ्या वस्तूंसाठी वेगळा फ्यूजबॉक्स टाकू. बॅटरीपासून एक जाड वायर थेट बॉक्सला आणायची आणि तिथून प्रत्येकाला आपापला फ्यूज. एक गेला तरी बाकीचे चालू राहतील."

"खंडेनवमीपर्यंत होईल का? दसऱ्याला गाडीची पूजा करून तशीच शिबिराला निघायचं आहे."

"झालंच समजा," मी म्हणालो.

आणि काम मी देखणं केलं होतं, हे आज लाजेत बुडूनही सांगतो. ड्रायव्हरच्या सीटमागं बॉक्स बसवला. आतल्या बाजूला माझ्या अक्षरात पट्ट्या चिकटवल्या: दिवे, फ्रीज, पंखे, मशीन, भोंगा, इन्व्हर्टर. एकच गोष्ट राहिली होती. बॉक्सातला फ्यूज बॉक्सापासून पुढच्या वायरीला सांभाळतो. पण बॅटरीपासून बॉक्सापर्यंत जी जाड वायर येते, तिला कोण सांभाळणार? ती कुठं पत्र्याला घासली, सोलली, तर बॅटरीचा सगळा जोर तिच्यातून वाहतो आणि ती चुलीतल्या सळीसारखी लाल होते. म्हणून बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात, एक मोठा मेन फ्यूज लागतो. वडिलांनी मला पहिल्या महिन्यात शिकवलेली ही गोष्ट.

तो मोठा फ्यूज विट्यात मिळाला नाही. सांगलीहून एसटीच्या कंडक्टरच्या हाती मागवला. पुडकं साडेदहाला हातात पडलं. दहा वाजता आई पूजा मांडून मोकळी झाली होती.

तेवढ्यात गाडीचा ड्रायव्हर जोतिराम हसबे झेंडूचे हार घेऊन आला. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा, काळा-सावळा, कायम इस्त्रीचा खाकी शर्ट. आपण बाईंचे ड्रायव्हर आहोत याचा त्याला एवढा अभिमान की, गाडीत बाई नसतानाही तो हळू चालवायचा. त्यानं सकाळीच आपला जॅक आणि पाने आमच्याच पूजेत आणून ठेवले होते.

"झालं का मिस्त्री?"

मी पुडकं शर्टाच्या खिशात सरकवलं. ‘एक फ्यूज राहिलाय, आज गाडी नेऊ नका,’ एवढंच म्हणायचं होतं. पण मग बाईंना निरोप जाणार, दसऱ्याचं शिबिर पुढं जाणार, आणि ‘झालंच समजा’ म्हणणारा मी सगळ्यांसमोर तोंडघशी पडणार. आणि कारण काय, तर आईनं पक्कड दिली नाही! मला ते सांगायची लाज वाटली. तेव्हा असल्या गोष्टींची लाज वाटायची मला.

"झालं दादा," मी म्हणालो.

त्यानं बॉक्सचं झाकण उघडलं, पट्ट्या बोटानं एकेक वाचल्या. "आयला! हे तर औषधाच्या कपाटागत केलंसा. आता म्हाताऱ्या अंधारात बसायच्या न्हाईत बगा."

"एक ध्यानात ठेवा. इथं लिहिलंय तेवढंच चालवायचं. दुसरं काही जोडायचं नाही."

"काय बिशाद हाय," म्हणत त्यानं बॉक्सलाही एक फूल वाहिलं आणि गाडी घेऊन गेला.

मी ठरवलं होतं, दसरा झाला की त्याला बोलावून घ्यायचं. काहीतरी निमित्त काढून, ‘जरा वायरी बघतो’ म्हणून, गुपचूप फ्यूज बसवून टाकायचा. पण दसऱ्यानंतर दिवाळीची घाई सुरू झाली. ऊसतोडीचे ट्रॅक्टर आले, त्यांचे दिवे, त्यांचे टेप. दुकानात मी एकटाच. त्या दोन आठवड्यांत बाईंची गाडी दोनदा दुकानावरून गेली. एकदा जोतिरामनं हॉर्न वाजवून हात केला. मीही केला. हात करायच्या ऐवजी तोच हात आडवा घालून गाडी थांबवता आली असती. फ्यूजचं पुडकं तेव्हा गल्ल्याच्या खणात, मला दिसेल असं पडलेलं होतं.

दिवाळीला चार दिवस असताना दुपारी गुळवणी सरांचा फोन आला. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, संस्थेचे सेक्रेटरी. फोनवरसुद्धा हजेरी घेतल्यासारखे बोलायचे.

"मिस्त्री, गाडी जळाली. उद्या सकाळी घाटावर या. काय झालं ते तुम्हीच सांगू शकाल."

"माणसं?"

"वाचली. जोतिरामचे हात भाजलेत."

मी खुर्चीवर बसलो. काय झालंय ते गाडी न बघताच मला कळलं होतं. तरी एक आशा होती, की दुसरं काहीतरी असेल. डिझेलची नळी असेल, कुणी विडी टाकली असेल. दुसऱ्या कुणाचीही चूक असावी म्हणून मी देवाचा धावा करत होतो.

दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून वर गेलो. वाडीच्या शाळेच्या मैदानात गाडी उभी होती. पुढचा अर्धा भाग काळा, काचा फुटलेल्या, मागचा भाग धुरानं माखलेला. बाई एका दगडावर बसल्या होत्या. सर कमरेवर हात ठेवून उभे होते. आणि जोतिराम एकटाच गाडीला टेकून उभा होता, दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. खाकी शर्टाची एक बाही जळाली होती. तोच शर्ट अजून अंगात होता.

बाईंनी सांगितलं ते असं. तपासणी चालू होती. फ्रीज आणि दिवे चालू होते. आत दोन म्हाताऱ्या आणि एक म्हातारे, डोळ्यांत थेंब घातलेले, म्हणजे त्यांना धड दिसत नव्हतं. पुढून, ड्रायव्हरच्या सीटखालून धूर आला आणि बघता बघता ज्वाळ. जोतिराम मागच्या दाराशी होता. त्यानं तिघांनाही एकेक करून पाठीवर घेऊन बाहेर काढलं. मग तपासणीच्या भिंगांची पेटी राहिली म्हणून परत आत शिरला. पेटीची कडी तापलेली होती, ती त्यानं सोडली नाही.

"बघा जरा," सर मला म्हणाले.

मी गाडीत चढलो. पायाखाली सगळा चुरा. जाड लाल वायर जिथं पत्र्याच्या भोकातून आत येत होती, तिथं मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता. घाटातल्या खड्ड्यांनी तो घासून घासून कापला होता, आणि मग त्या पत्र्यानं वायर सोलली होती. त्या भोकापाशी तांबं वितळून त्याचा मणी झाला होता. तिथून दोन्हीकडं वायर नागडी, काळी. बॅटरीजवळ मेन फ्यूज असता तर ती वायर पत्र्याला टेकताक्षणी ‘टक’ आवाज होऊन सगळं बंद पडलं असतं, आणि जोतिराम फार तर मला दोन शिव्या देत गाडी घेऊन आला असता.

फ्यूजबॉक्सचं झाकण वितळून वाकलं होतं. मी ते उचकटलं. एकेक फ्यूज बघितला, आणि शेवटचा, इन्व्हर्टरच्या पट्टीखालचा हिरवा, काढून उजेडात धरला. त्याचीही आतली तार शाबूत होती. म्हणजे बॉक्सापुढं कुठंही, कसलाही जादा भार आलेला नव्हता. ह्याच्याइतका सरळ पुरावा शोधून सापडला नसता.

मी खाली उतरायच्या आत जोतिराम बोलायला लागला होता.

"बाई, मी सांगतो. मी हीटर लावला हुता." पट्ट्यांतल्या हातांनीच त्यानं माप दाखवलं. "ह्यो एवढासा, कपात बुडवायचा. थंडी हुती, म्हातारी मानसं तासभर बसल्याली. म्हटलं च्या करून द्यावा. त्या इन्व्हर्टरला लावला. मिस्त्रीनं मला सांगितलं हुतं, दुसरं काय जोडू नका म्हणून. मी ऐकलं न्हाई."

सर माझ्याकडं वळले. "मिस्त्री, तुम्ही असं सांगितलं होतं?"

"हो."

"आणि हीटर लावल्यानं असं होऊ शकतं?"

हिरवा फ्यूज माझ्या मुठीत होता. मूठ उघडून एवढंच म्हणायचं होतं: ‘सर, हा बघा, शाबूत आहे. हीटरचा काही संबंध नाही.’ कपात बुडवायचा तो हीटर म्हणजे त्या इन्व्हर्टरला किस झाड की पत्ती! मला हे माहीत होतं. तिथं दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. बाईंना डोळ्यांतलं कळत होतं, सरांना व्याकरणातलं, आणि जोतिरामला, बिचाऱ्याला, फक्त आपण ऐकलं नाही एवढंच कळत होतं.

"जादा लोड झाला की वायर तापते, सर," मी म्हणालो.

ह्या वाक्यात एक शब्द खोटा नाही. कुठल्याही पुस्तकात ते सापडेल. मी ते फार जपून, कुणालाही दोष न देता, हळू आवाजात म्हणालो, आणि जोतिराम मटकन खाली बसला.

सर संतापले. पोलिसात तक्रार करायची, लायसन जप्त करायला लावायचं, असं बोलायला लागले. तेव्हा मी मध्ये पडलो. हे सांगताना मला सगळ्यात जास्त शरम वाटते. मी म्हणालो, "सर, पोलीस नको. त्यानं तीन जीव वाचवलेत. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. चहाच करत होता ना? माणूस आहे, चुकतो."

बाईंनी डोळे पुसले. "मिस्त्री, तुमचं एवढं मेहनतीचं काम जळून गेलं, आणि तुम्हीच त्याची बाजू घेताय," त्या म्हणाल्या. "सर, तक्रार नको. पण जोतिराम, गाडी आता तुमच्या हातात देता येणार नाही. ही नाही, पुढं कधी दुसरी आली तर तीही नाही. आत माणसं होती. चावी द्या."

जोतिरामनं पट्ट्या बांधलेले हात वर केले. "खिशात हाय बाई. हात जात न्हाई."

कुणीच हललं नाही. मग मी पुढं झालो, त्याच्या पँटच्या खिशात हात घातला, चावी काढली आणि बाईंच्या हातात दिली. मी वळलो तर तो वाकून आपलं कपाळ माझ्या पायाशी नेत होता. हात टेकवता येत नव्हते म्हणून कपाळ.

"तुमच्यामुळं वाचलो मिस्त्री," तो म्हणाला.

परत येताना घाटात स्कूटर थांबवली आणि तो हिरवा फ्यूज दरीत फेकून दिला.

घरी आईनं विचारलं, "कशानं लागली रं आग?"

"जादा लोड झाला."

ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. "त्या दिशी तू पक्कड मागत हुतास. काय ऱ्हायलं हुतं?"

"पट्टी चिकटवायची राहिली होती. नावाची."

"पट्टी चिकटवाय पक्कड लागती?"

"आई, त्याचा काही संबंध नाही," मी ओरडलो. मी तिच्यावर कधी ओरडत नसे. ती पुन्हा भाकरी थापायला लागली.

पुढच्या वर्षीच्या खंडेनवमीला तिनं नेहमीसारखी पूजा मांडली. हळदीकुंकू, फुलं, नारळ, सगळं. फक्त एक पक्कड आणि वडिलांचा कटर पोत्यावर नव्हते. ते दाराजवळच्या स्टुलावर ठेवलेले होते, फुलाशिवाय. "असू दे भाईर," ती म्हणाली, "कुणाची गाडी आडली तर." त्यानंतर मरेपर्यंत, तेरा वर्षं, दर खंडेनवमीला ती हे करत होती. ह्या विषयावर आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. तिनं आपल्या वाट्याचा दोष कधीच उचलून घेतला होता. माझा मात्र अजून जोतिरामकडंच होता.

बाईंचं शिबिराचं काम बंद पडलं. दुसरी गाडी काही आली नाही. जोतिरामच्या हातावर कातडी आली, पण तालुक्यात त्याला कुणी गाडी दिली नाही. ‘हीटर लावून गाडी जाळली त्यो,’ अशी त्याची ओळख झाली. तो एका पोल्ट्रीवर कामाला लागला. बाजारात दिसला की लांबूनच हात जोडायचा. मी घाईत असल्यासारखं करायचो.

गेल्या वर्षी माझ्या छातीत दुखलं. मिरजेला नेलं, बायपास झाली. महिनाभर पडून होतो, आणि त्या महिन्यात मला झोप म्हणून लागली नाही. डोळे मिटले की मुठीत काहीतरी टोचायचं. बायकोला वाटायचं ऑपरेशनचा त्रास. शेवटी हिंडायला-फिरायला लागल्यावर एका रविवारी सकाळी कुणाला न सांगता जोतिरामच्या घरी गेलो. अठरा वर्षं झाली होती.

पोल्ट्रीच्या मागं दोन खोल्या. जोतिराम अंगणात बाज टाकून बसला होता. केस पांढरे झालेले. मला बघून गडबडीनं उठला.

"मिस्त्री! अवो, आपरेशन झालं म्हणं तुमचं. मीच येणार हुतो बगायला. कला, च्या ठेव गं! मिस्त्री आल्यात."

त्याची बायको कलावतीवहिनी बाहेर आल्या, मला पाणी दिलं. आत अंधार होता म्हणून त्यांनी दिवा लावला आणि हसून म्हणाल्या, "घरातलं एक बटण लावत न्हाईत हे. पंखा असू दे, दिवा असू दे, मला हाका मारत्यात. रातच्याला समदे प्लग काढल्याशिवाय आंथरुणावर बसत न्हाईत. पोरानं मिक्सर आणला हुता, त्यो परत धाडला."

"आन तुमचा पोरगा, रणजित?" मी विचारलं.

"पुण्याला पॅकिंगच्या कामावर. त्याला एस्टीत डायवर व्हायचं हुतं. ह्यांनी जाऊ दिलं न्हाई. म्हणाले, आपल्या रगतात त्ये न्हाई, मानसं जळतील." त्या चहा ठेवायला आत गेल्या, आणि आम्ही दोघं बाजेवर बसलो.

मी वाक्यं पाठ करून आलो होतो. त्यातलं एकही आठवलं नाही.

"दादा, ती आग तुमच्या हीटरनं लागली नव्हती."

"आं?"

"बॅटरीजवळ एक फ्यूज बसवायचा होता. तो मी बसवला नाही. खंडेनवमी होती, हत्यारं पूजेत होती. राहिला, आणि मी तुम्हाला ‘झालं’ म्हणून सांगितलं. नंतरही बसवला नाही. जाड वायर पत्र्याला घासली आणि पेटली. हीटरचा फ्यूज शाबूत होता. मी तो हातात घेऊन बघितला होता. त्याच दिवशी."

तो माझ्याकडं वळला. तो मारेल म्हणून मी वाट बघत होतो. खरं सांगायचं तर त्यानं मारावं असं वाटत होतं.

"हीटरनं न्हवती?" त्यानं विचारलं.

"नाही."

"हीटर लावला नसता तरी जळालीच असती?"

"जळालीच असती."

तो उभा राहिला. त्याचं तोंड लहान पोरासारखं वाकडं झालं आणि मग एकदम उजळलं. "कला!" तो ओरडला. "कला, ऐकलंस काय? माझ्यानं न्हवती गं! ती आग माझ्यानं न्हवती!" त्यानं माझे दोन्ही हात धरले. त्याच्या तळव्यांची कातडी गुळगुळीत आणि ताठ होती. "मिस्त्री, लई उपकार झालं. लई उपकार. थांबा, पोराला सांगतो." तो खिशातला फोन काढून, रेंज शोधत, कुंपणाकडं जवळजवळ पळतच गेला.

तो माझ्यावर रागावलासुद्धा नाही. आपली चूक नव्हती, एवढ्या एका गोष्टीनं त्याचं सगळं मन भरून गेलं होतं. त्यात माझी चूक ठेवायला जागाच उरली नव्हती.

वहिनी दारात उभ्या होत्या. हातात चहाची कपबशी होती. त्या हसत नव्हत्या.

"त्याच दिशी ठावं हुतं तुमास्नी?"

"हो."

"त्यांनी तुमच्या पायावर डोकं ठिवलं, तवा बी?"

"हो, वहिनी."

त्यांनी चहा माझ्या हातात दिला नाही. बशी उंबऱ्यावर ठेवली. "मग आज का आलासा भावजी?"

ह्या प्रश्नाचं एक चांगलं दिसणारं उत्तर मला देता आलं असतं. मी दिलं नाही. "मला झोप लागत नव्हती," मी म्हणालो.

"आमच्यात बी लागत न्हवती," त्या म्हणाल्या. "अठरा वर्सं."

तेवढ्यात जोतिराम लगबगीनं परत आला. डोळे वाहत होते आणि तोंडभर हसू होतं. फोन त्यानं माझ्यापुढं धरला.

"घ्या मिस्त्री. पोराचा इस्वास बसंना. म्हणतोय, बाबा, तुमाला बरं वाटावं म्हणून कोणतरी सांगत आसंल. आता तुम्हीच सांगा त्याला, तुमच्या तोंडानं. पहिल्यापासनं."

मी फोन घेतला. पलीकडून रणजित "बोला" एवढंच म्हणाला. समोर वहिनी हाताची घडी घालून ऐकायला उभ्या होत्या, आणि मी खंडेनवमीच्या सकाळपासून सांगायला सुरुवात केली.